चित्र एकदा काढा, त्याचा वापर अनेकदा विका: चित्रकलेवर घर चालवू पाहणाऱ्यांसाठी

कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, किंवा नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढणारे आणि आता ‘सोडावी का नोकरी?’ इथे घुटमळणारे, अशांसाठी हे लिहिते आहे. चित्र चांगलं कसं काढावं ते इथे नाही. ते तुम्हाला येतं असं धरून चालते. टेबलावरून उठलेल्या चित्राचे पैसे कसे होतात आणि ते होत असताना हात कसा चालू ठेवायचा, एवढंच सांगायचं आहे. माझं काम मुख्यतः पुस्तकांची मुखपृष्ठं, आतली चित्रं आणि स्वतःची जलरंगातली चित्रं असं आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

आपल्याकडे कलेवर जगणं म्हटलं की एकदम दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात: लिलावात कोटींना गेलेला कॅनव्हास, नाहीतर उपाशी चित्रकार. या दोन्हींच्या मधे मराठी चित्रकारांची एक मोठी फळी आयुष्यभर व्यवस्थित जगली, तिच्याकडे बघा. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत स्टुडिओ चालवत. पुस्तकांची मुखपृष्ठं, मासिकांतली चित्रं, दिनदर्शिका, सगळं करत. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक काढला, म्हणजे चित्र छापणाराही स्वतःच झाले. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, फर्निचरच्या दुकानासाठी लहान मुलांचं फर्निचर आणि खेळणी केली. यांतल्या कुणीही एका चित्राच्या एका गिऱ्हाइकाची वाट बघत बसलं नाही.

पहिली पायरी: दिवसाचा भाव काढा

नोकरी सोडण्याआधी वहीत तीन आकडे लिहा. घरखर्च, कामाचा खर्च (रंग, कागद, इंटरनेट, सॉफ्टवेअरचं भाडं, प्रवास) आणि बाजूला टाकायची रक्कम, ज्यात आरोग्यविमा आलाच. समजा हे अनुक्रमे ३५,०००, ७,००० आणि ६,००० आहेत. महिन्याला ४८,००० झाले.

आता कामाचे दिवस मोजा. महिन्यात बावीस दिवस तुम्ही टेबलाशी बसाल, पण त्यातले जवळजवळ निम्मे दिवस मेल, फोन, बिलं, दुरुस्त्या, छापखान्यात चक्कर आणि नवं काम शोधण्यात जातात. ज्याचे कुणीतरी पैसे देणार आहे असे दिवस फार तर बारा निघतात. ४८,००० भागिले १२, म्हणजे दिवसाचे ४,०००. लहान मुलांच्या पुस्तकाच्या एका पानाला रफ धरून दीड दिवस लागत असेल, तर त्या पानाचे ६,००० व्हायला हवेत.

कुणी पानाला १,५०० देऊ करेल. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण घेतलं तर उरलेले साडेचार हजार आपण स्वतःच्या खिशातून घालतो आहोत हे माहीत असू द्या. मी स्वतः अशी कामं घेते. चांगला मजकूर, जीव लावून पुस्तक काढणारा छोटा प्रकाशक, पूर्ण मोकळीक, यांपैकी दोन गोष्टी असतील तर घेते. ‘एक्सपोजर मिळेल’ हे त्या यादीत नाही.

सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोकरीत कलाशिक्षक असाल आणि दुपारी दोनला सुटत असाल, तर मुळात सोडायची घाई का आहे, हेही एकदा विचारून पाहा. अर्ध्या दिवसाचा पगार घेऊन चित्रं काढणारे अनेक चित्रकार माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांची चित्रं पूर्णवेळवाल्यांपेक्षा मोकळी असतात. भाड्याची चिंता कुंचल्यात उतरत नाही ना!

दुसरी पायरी: काय विकता ते वेगळं करा

चित्रकाराकडे विकण्यासारख्या तीन गोष्टी असतात. मूळ चित्र ही वस्तू. त्या चित्राचा वापर, म्हणजे ते मुखपृष्ठावर, दिनदर्शिकेवर, पिशवीवर छापण्याची परवानगी. आणि तुमचा वेळ: शिकवणी, कार्यशाळा, भिंत रंगवणं, कार्यक्रमात समोर बसून रेखाटणं.

नवीन लोक बहुतेक वेळा मधली गोष्ट फुकट देऊन टाकतात. मुखपृष्ठाचे पैसे घेतात, मूळ चित्र पाकिटात घालून देतात, ओपन फाइल (जिच्यात कुणालाही फेरफार करता येतात ती) पाठवतात, आणि दोन वर्षांनी तेच चित्र डायरीवर, टी-शर्टवर आणि हिंदी अनुवादावर दिसतं. तेव्हा चिडून उपयोग नसतो, कारण ‘इतक्याच वापराला’ असं कुठे लिहिलेलंच नसतं.

तिसरी पायरी: कागद करा

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट आपोआप तुमचा असतो; नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. असं चित्र कुणी विकत घेऊन दिवाणखान्यात लावलं तरी कॉपीराइट त्यासोबत जात नाही. त्या घरमालकाला त्याच्या दिनदर्शिका छापता येत नाहीत.

मात्र कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढलेल्या चित्राला किंवा व्यक्तिचित्राला कलम १७ वेगळा न्याय लावतं. उलट करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे तुम्ही काहीच लिहून घेतलं नाही तर गप्प बसण्याचा फायदा क्लायंटला. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचंही असंच आहे, तिथे मालक कंपनी. म्हणून पूर्णवेळ नोकरी करत बाहेरची कामं घेणाऱ्यांनी आपलं नेमणूकपत्र एकदा नीट वाचावं.

कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि सगळे हक्क विकले तरी चित्रकार म्हणून नाव लावून घेण्याचा आणि चित्राची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ खाली तुमच्याकडेच राहतो. हे मुद्दाम सांगते, कारण ‘हक्क आमचे, मग नाव कशाला?’ असं ऐकवणारे भेटतात.

वकिलाकडे धावायची गरज नाही. काम घेताना एवढा मजकूर मेलने पाठवा:

“अमुक पुस्तकाचं मुखपृष्ठ. वापर: मराठी छापील आवृत्ती आणि त्याच पुस्तकाची जाहिरात. मुदत पाच वर्षं. ई-बुक, अनुवाद, दिनदर्शिका किंवा इतर वस्तूंसाठी वेगळं मानधन. कॉपीराइट आणि मूळ चित्र चित्रकाराकडे. श्रेयपानावर नाव. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मानधनात, तिसरीपासून प्रत्येक फेरीला इतके रुपये. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली छपाईची फाइल देण्याआधी. काम रफनंतर थांबलं तर आगाऊ रक्कम परत नाही.”

‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. रक्कम मोठी असेल तर हेच कागदावर घेऊन दोघांच्या सह्या करा. अलीकडे मी आणखी एक ओळ घालते: हे चित्र एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरायचं नाही. ती कितपत पाळली जाईल ते पुढे बघू, पण लिहायला काही पैसे पडत नाहीत.

एखादा क्लायंट ‘सगळेच हक्क हवेत’ म्हणाला तर रागावू नका. कंपनीच्या बोधचिन्हासाठी ते रास्तही आहे. फक्त किंमत वेगळी. एका वापराचे १०,००० असतील तर सगळ्या हक्कांचे किती, हा आकडा आधीच मनाशी ठरवून ठेवा, म्हणजे फोनवर ततपप होत नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाठवले की बहुतेक जण आपणहून म्हणतात, ‘एवढं नकोय हो आम्हाला.’

आणि घरचे?

‘आमच्या नातवाचं एक चित्र काढून दे गं, तू काय बसल्या बसल्या काढतेस!’ असं म्हणणाऱ्या आत्या सगळ्यांनाच असतात. त्यांना दरपत्रक पाठवायचं नसतं. वर्षाला दोन चित्रं भेट म्हणून द्यायची असं ठरवून टाका, आणि तिसऱ्या वेळी ‘आत्या, या वर्षीचा कोटा संपला, पुढच्या दिवाळीला तुमचा नंबर पहिला’ असं सांगा. आत्या हसतात. मामेभावाच्या हॉटेलचा मेन्यू मात्र धंदा आहे, त्याला बिल.

चौथी पायरी: वर्षाचं पंचांग मांडा

मराठीत चित्रांच्या कामाला ऋतू आहेत. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडच्या चित्रकारांना एक हमखास हंगाम मिळाला आहे. त्याची कामं पावसाळ्यात निघतात. ऑक्टोबरमध्ये नमुने घेऊन संपादकांना भेटण्यात अर्थ नाही, मे-जूनमध्ये भेटा. दिनदर्शिका आणि डायऱ्यांची जुळवाजुळव पावसाळा सरताना होते. लग्नपत्रिका आणि भेटचित्रं तुळशीच्या लग्नानंतर. शाळांच्या कार्यशाळा एप्रिल-मेमध्ये. जानेवारी ते मार्च बऱ्याच जणांना सुका जातो, तेव्हा दिवाळीचे पैसे दिवाळीत उडवू नका.

संपादकांना भेटताना फाइलमध्ये दहा-बाराच चित्रं ठेवा, आणि ज्या प्रकारचं काम हवंय त्याच प्रकारची. बालवाङ्मयाच्या प्रकाशकाला नग्नाभ्यास दाखवून तुमचं ड्रॉइंग पक्कं आहे हे कळेल, पण काम मिळणार नाही. मूळ मजकूर वाचून त्यावर केलेली चित्रं दाखवलीत तर उत्तम. संपादकाला चित्रकाराने गोष्ट वाचली आहे की नाही ते एका नजरेत कळतं.

पाचवी पायरी: प्रिंट विका, छापखाना काढू नका

स्वतःच्या चित्रांच्या प्रती विकणं हा ‘वापर’ विकण्याचा सगळ्यात सोपा प्रकार. कल्पना जुनीच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छाप्यांमुळे, लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या भिंतींवर पोहोचल्या. प्रती घरोघरी गेल्या, पण रविवर्म्यांना तो धंदा तोट्यात गेला आणि छापखाना तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकावा लागला. यंत्रं, कागदाचा साठा आणि कामगार सांभाळणं हा वेगळाच उद्योग आहे.

म्हणून प्रती थोड्या काढा. चित्र ३०० डीपीआयला नीट स्कॅन करून घ्या. मोबाइलचा फोटो चालत नाही, कडेला सावली येते आणि पांढरा निळसर पडतो. आर्काइव्हल, म्हणजे वर्षानुवर्षं न पिवळणाऱ्या कागदावर, न विटणाऱ्या पिगमेंट शाईने छापणारा माणूस शोधा. आधी एकच प्रत काढून ती दिवसाउजेडी मूळ चित्राशेजारी ठेवा. मर्यादित आवृत्ती करायची असेल तर ३/२५ असा क्रमांक आणि सही पेन्सिलीने घाला, आणि पंचवीस म्हणजे पंचवीसच. सव्विसावी छापली की पहिल्या पंचवीस जणांचा विश्वास गेला.

हिशेब असा करा. समजा ए-फोर प्रत छापायला ३५० आणि पॅकिंगला ७० पडले, विकली १,२०० ला. हाती ७८० राहिले. आता एखाद्या हस्तकला बाजारात दोन दिवसांच्या स्टॉलला ६,००० भाडं असेल, तर आठ प्रती विकेपर्यंत तुम्ही आयोजकासाठी उभे आहात. नववीपासून स्वतःसाठी, आणि जेवण-प्रवास धरला तर दहावी-अकरावीपासून. स्टॉल घ्यावा, पण सोबत शे-दीडशेची पोस्टकार्डं, बुकमार्क ठेवा. बाराशेला कचरणारे लोक ते घेऊन जातात आणि त्यामागे तुमचं नाव-पत्ता असतो.

मूळ चित्र पाठवताना त्यावर आम्लमुक्त कागद, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, वरून बबल रॅप. बबल रॅपचा बुडबुडा थेट रंगावर ठेवू नका, पावसाळ्यात ठसे उमटतात.

सहावी पायरी: प्रदर्शन, पण आकडे बघून

काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत, जी १९५२ पासून उभी आहे, आपलं एकल प्रदर्शन व्हावं असं प्रत्येकालाच वाटतं. अर्ज जरूर करा. निवड होऊन तारीख मिळेपर्यंत काही वर्षं जातात, म्हणूनच आज करा. तोवर पुण्यात बालगंधर्व कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन अशा दालनांत चार जणांनी मिळून लावलेलं प्रदर्शन खिशाला झेपतं. बॉम्बे आर्ट सोसायटी ही १८८८ पासूनची आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही १९१८ पासूनची संस्था, दोघींची वार्षिक प्रदर्शनं असतात. शासनाच्या कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शनही असतं. तिथे चित्र लागलं तर नाव होतं आणि नाही लागलं तरी एक चित्र तारखेच्या आत पुरं झालेलं असतं.

वीस चित्रं फ्रेम करायला प्रत्येकी २,५०० धरले तर ५०,००० तिथेच गेले. भाडं, टेम्पो, निमंत्रणं, उद्घाटनाचा चहा वेगळा. खासगी गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा घेते. ते ऐकून भुवया उंचावतात, पण गॅलरी खरंच ग्राहक आणत असेल तर ते पैसे वाजवी आहेत; फक्त भिंत देऊन निम्मे मागत असेल तर नाहीत. मूळ चित्राची किंमत मात्र गॅलरीत, घरी आणि इन्स्टाग्रामवर एकच ठेवा. घरी येणाऱ्याला स्वस्तात दिलं की गॅलरी पुन्हा विचारत नाही.

मुंबई-पुणे म्हणजेच कला असंही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची लोककला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक तिकडे जातात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करणारे कारागीर बसतात, आणि गोव्याहून येणारे पर्यटक तिथून हातात काहीतरी घेऊनच निघतात. तुमच्या गावात काय बघायला लोक येतात, तेही या यादीत धरा.

सातवी पायरी: हात चालू ठेवणं

‘सुचत नाही’ ही तक्रार दोन प्रकारची असते. पहिली खरी पैशांची असते. भाडं थकलंय आणि डोकं तिकडेच आहे. त्यावर उपाय प्रेरणादायी व्हिडिओ नाही, थकलेलं बिल मागणं हा आहे.

दुसरी चित्राची असते. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे निवड कमी करणं. एकच आकार, तीनच रंग, एकच विषय, आणि त्याची वीस चित्रं. पुण्याच्या हातकागद संस्थेतला एकाच जातीचा कागद आणून तो संपेपर्यंत फक्त मंडई काढायची. पहिली पाच चित्रं ओळखीची होतात, पुढची पाच कंटाळवाणी, आणि त्यानंतर कुठेतरी ताडपत्रीखालचा हिरवा उजेड दिसायला लागतो. चित्रकाराची ‘शैली’ म्हणतात ती बहुधा त्या बाराव्या-तेराव्या चित्राच्या आसपास सापडते. कोऱ्या कागदासमोर ‘आता काय काढू?’ म्हणत बसलं तर ती भेटत नाही.

मागणीवरचं काम दिवसभर केल्यावर स्वतःचं चित्र रात्री होत नाही, हे आधीच मान्य करा. सकाळचे पहिले दोन तास स्वतःचे, फोन दुसऱ्या खोलीत, मग धंदा. आठवड्यात एक सकाळ बाहेर बसून स्केचिंग: एसटी स्टँड, घाट, न्यायालयाचं आवार, जिथे माणसं वाट बघत बसलेली असतात ते सगळ्यात चांगलं. हलत नाहीत फार.

रील करायची की नाही? करा, पण काम झाल्यावर. रीलसाठी चित्र काढायला लागलात की कॅमेऱ्यात चांगलं दिसणाऱ्या हालचालींचीच चित्रं होतात.

शेवटची पायरी: कर, नोंदणी आणि अडकलेले पैसे

कामासाठी वेगळं बँक खाते उघडा. प्रत्येक बिलाला क्रमांक आणि तारीख घाला. कंपन्या मानधनातून टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावरचा आयकर, आधीच कापतात. तो गेला असं समजू नका. आयकराच्या संकेतस्थळावर तो तुमच्या पॅनखाली दिसतो, विवरणपत्र भरून जास्तीचा परत मिळतो. कित्येक तरुण चित्रकार उत्पन्न कमी म्हणून विवरणपत्रच भरत नाहीत आणि आपलेच पैसे सोडून देतात. नियमित विवरणपत्रं नसली तर पुढे गृहकर्जालाही अडतं. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. चित्रं किंवा प्रती ही वस्तू आहे आणि परराज्यात वस्तू विकण्याचे नियम निराळे आहेत, तेव्हा ऑनलाइन दुकान उघडण्याआधी एकदा सीएला गाठा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, मात्र आजच करा. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याने तुमचं बिल लेखी करार असल्यास ठरलेल्या तारखेला आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, भांडण झाल्यावरची नको.

तक्रारीपर्यंत सहसा जावं लागत नाही. पंधराव्या दिवशी बिलाची प्रत जोडून साधा मेल: ‘नमस्कार, बिल क्र. अमुक, देय तारीख अमुक होती. कधीपर्यंत जमा होईल ते कळवावे.’ तिसाव्या दिवशी तोच मेल, आता हिशेब विभागालाही, आणि खाली उद्यम क्रमांक. फोन करायचा तर सकाळी अकराच्या सुमाराला, आणि संपादकाला नाही, हिशेबनिसाला. त्यांचं नाव आधीच विचारून ठेवा.